दोन डोंगरांमधलं पाणी

हे मनन डोळे उघडे ठेवून करायचं आहे. शेजारी कागद-पेन्सिल असू द्या. वाटेत दोन-तीन सोपे हिशेब येतील आणि ते हाताने केलेले बरे. घाई नको. एखाद्या ओळीपाशी रेंगाळावंसं वाटलं तर रेंगाळा, मग पुढे या.

मनात एक बोट आणा. दहा मीटर लांब, एका डोलकाठीची, पुढे एक शीड आणि मागे एक, पोटात लहानसं डिझेल इंजिन. तिचा वेग पाच नॉट, म्हणजे तासाला पाच सागरी मैल. रस्त्यावरच्या हिशेबात नऊ किलोमीटरच्या थोडं वर. बोटीवर तुम्ही आणि तुमचा एक जोडीदार. ती जिब्राल्टरच्या धक्क्याला बांधलेली आहे. डोक्यावर ४२६ मीटर उंचीचा चुनखडीचा कडा. पश्चिमेला, उपसागरापलीकडे, स्पेनचं अल्जेसिरास बंदर. दक्षिणेला, हवा स्वच्छ असली तर, आफ्रिका दिसते: मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचा जेबेल मुसा, आठशे मीटरहून उंच. प्राचीन ग्रीकांच्या लेखी इथे हर्क्युलिसचे खांब उभे होते आणि ओळखीचं जग इथेच संपत होतं. तुम्हाला या डोंगरांच्या मधून जाऊन मोरोक्कोचं टँजियर बंदर गाठायचं आहे. अंतर तीसेक सागरी मैल. एवढ्याशा अंतरासाठी इतका विचार कशाला, असं मनात आलं तर येऊ द्या, आणि मग हे ध्यानात घ्या की या पाण्यातून वर्षाला लाखाच्या आसपास जहाजं जातात. चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं, तेलाचे टँकर, आणि अल्जेसिरास ते सेउता, तारिफा ते टँजियर अशा आडव्या धावणाऱ्या वेगवान फेरीबोटी. त्या सगळ्यांमध्ये तुमचे दहा मीटर.

आज निघायचं नाही.

वर पाहा. कड्याच्या माथ्यावर एक पांढरा ढग अडकलेला आहे. वारा जोरात वाहतोय, तरी ढग जागचा हलत नाही. पूर्वेकडून, भूमध्य समुद्रावरून आलेली दमट हवा कड्याला थडकते, वर चढते, थंड होते आणि माथ्यावर तिचा ढग होतो. पश्चिमेकडे उतरता उतरता तो विरतो. एका अंगाला ढग तयार होत असतो, दुसऱ्या अंगाला संपत असतो. पूर्वेच्या या वाऱ्याला इथे लेवान्ते म्हणतात. अटलांटिककडून येणारा तो पोनिएन्ते. वर्षभर या पाण्यावर आलटून पालटून या दोघांचंच राज्य असतं. हा ढग थोडा वेळ नुसता पाहत बसा. धक्क्यावरच्या झेंड्यापेक्षा तो जास्त खरं सांगतो, कारण धक्का कड्याच्या आडोशाला आहे.

आता नकाशा घ्या. पश्चिमेच्या तोंडाशी, त्राफाल्गार आणि स्पार्तेल या दोन भूशिरांमध्ये, जिब्राल्टरची सामुद्रधुनी ४० किलोमीटरहून जास्त रुंद आहे. स्पेनच्या काठावरच्या तारिफापाशी ती जेमतेम १४ किलोमीटर उरते. दोन्ही काठांना डोंगररांगा. एवढ्या मोठ्या समुद्रावरून येणारी हवा या चिंचोळ्या वाटेत शिरली की तिला वेग घेण्यावाचून गत्यंतर नसतं. जिब्राल्टरला १५ नॉटचा लेवान्ते असेल तर तारिफाला तो ३० नॉटचा मिळू शकतो, हे इथल्या दर्यावर्दींना पाठ असतं. पहिला हिशेब इथे करा. शिडावरचा वाऱ्याचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणजे धक्क्यावर उभं राहून जी बोट तुम्हाला आटोक्यातली वाटते, तीच तीन तासांनी चौपट रेट्याखाली असेल. हा चौपटीचा आकडा कागदावर लिहा आणि थोडा वेळ त्याच्याकडे पाहा. थांबायचं का, या प्रश्नाचं उत्तर मग वेगळं शोधावं लागत नाही.

थांबणारे तुम्ही एकटे नाही. उन्हाळा सरताना युरोपातले पांढरे करकोचे, घारी, मोहोळ घारी असे मोठ्या पंखांचे पक्षी आफ्रिकेत जायला निघतात आणि तारिफाच्या मागच्या टेकड्यांवर येऊन ठेपतात. जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेवर तरंगत ते शेकडो किलोमीटर आलेले असतात. पाण्यावर तशी गरम हवा उठत नाही. इथून पुढे पंख मारत जावं लागतं, आणि लेवान्ते जोरात असला तर तो त्यांना बाजूला, अटलांटिकवर ढकलत नेतो. म्हणून ते थांबतात. हजारोंच्या संख्येने, कधी काही दिवस. वारा पडला की त्याच सकाळी आभाळ भरून थवे दक्षिणेकडे निघतात. मला या गोष्टीचं मनापासून अप्रूप आहे. पलीकडचा किनारा डोळ्यांना दिसत असताना, पंखांत बळ असताना, इतक्या जिवांना थांबता येतं.

थांबलेल्या दिवसात करण्यासारखं पुष्कळ आहे. त्यातलं एकच काम जवळून पाहू. मोठं शीड लहान करायचं, ज्याला शिडाची बोट चालवणारे रीफ घेणं म्हणतात. धक्क्यालाच, बोट बांधलेली असताना, वारा अंमळ पडला की ते करून पाहा. शीड वर खेचणारा दोर हळूहळू सैल सोडा. किती सोडायचा? शिडाच्या पुढच्या कडेवरची धातूची कडी खालच्या आडव्या दांड्याच्या आकड्यात अडकेल इतकाच. कडी अडकवा. दोर पुन्हा ताणा, पुढची कड सरळ रेषेत येईपर्यंत. मग मागच्या कडेचा दोर ओढा. कापड दांड्यावर आडवं, सपाट बसलं पाहिजे, पोट फुगता कामा नये. आता मघाच्या दोरावर, जिथवर तो सोडला होता तिथे, जाड धाग्याचे चार वेढे शिवून टाका. बोटांना अंधारात लागतील असे. उद्या बोट डोलत असेल, पाणी तोंडावर उडत असेल आणि जोडीदार काही ओरडेल ते ऐकू येणार नाही, तेव्हा ते चार वेढे तुमच्या तळहाताला सांगतील की बस, इतकंच. हीच क्रिया पुन्हा करा, आणि नंतर एकदा डोळे मिटून.

आता वारा सोडून पाण्याकडे या. इथलं पाणी माझ्या मते वाऱ्याहूनही मनन करण्याजोगं आहे.

भूमध्य समुद्र उन्हात सतत आटत असतो. नद्या आणि पाऊस मिळून जेवढं पाणी त्यात पडतं त्याहून जास्त वाफ होऊन जातं. ही तूट वर्षाला अर्धा ते एक मीटर उंचीच्या पाण्याएवढी. ती भरून काढायला अटलांटिकचं पाणी या एकाच चिंचोळ्या दारातून अखंड आत वाहतं. त्याचा ओघ पूर्वेकडे, दिवसरात्र, बारा महिने. सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वीपर्यंत हे दार बंद होतं, तेव्हा आतला समुद्र बऱ्याच अंशी आटून त्याच्या तळाशी मिठाचे प्रचंड थर साचले होते. ते थर आजही तिथे आहेत. आणि वरून पाणी आत येत असतानाच खालून, खोलवर, भूमध्य समुद्राचं जास्त खारं, जास्त जड पाणी उलट दिशेने बाहेर वाहत असतं. एकावर एक दोन ओघ, एक आत जाणारा, एक बाहेर जाणारा. तळाशी पाण्यात बुडालेला एक उंबरठा आहे, तीनशे मीटरच्याही आत खोलीचा. दोन्ही ओघांना त्याच्यावरून जावं लागतं.

दोन थरांचा असा प्रवाह प्रयोगाने दाखवला गेला तो दुसऱ्या सामुद्रधुनीच्या संदर्भात. १६७९ साली लुइजी मार्सिली नावाचा विशीतला इटालियन इस्तंबूलला गेला होता. तिथल्या बॉस्फरस सामुद्रधुनीत वरचं पाणी एकीकडे आणि खालचं दुसरीकडे वाहतं हे तिथल्या मच्छीमारांना ठाऊक होतं. जाळी खोल सोडली की ती उलटीकडे ओढली जात. मार्सिलीने त्यांचं म्हणणं मनावर घेतलं, स्वतः दोर सोडून पाहिलं, आणि मग एक टाकी बनवली: मधे पडदा, एका बाजूला जास्त खारं पाणी, दुसऱ्या बाजूला कमी खारं, पडद्याला वर एक भोक आणि खाली एक. वरच्या भोकातून हलकं पाणी एकीकडे गेलं, खालच्यातून जड पाणी दुसरीकडे. मच्छीमारांना जाळ्याच्या ओढीतून कळलेली गोष्ट एका तरुणाने टाकीत उभी केली. जिब्राल्टरच्या पाण्यावर बोट नेण्याआधी तुमच्या खालीही तसंच चाललंय हे मनात स्पष्ट दिसू द्या. तुमचा संबंध वरच्या ओघाशी. त्याला भरती-ओहोटीचा ओघ येऊन मिळतो, कधी त्याच्या बाजूने, कधी विरुद्ध. इथे भरती-ओहोटीतला फरक फक्त मीटरभर, आपल्या कोकणातल्या उधाणापुढे अगदीच थोडा. पण दोन्ही ओघ एकाच दिशेने जुळले की मधलं पाणी तीन नॉटच्या पुढे जातं. तुमची बोट पाचने चालते. दुसरा हिशेब: पाचातून तीन गेले, उरले दोन.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे साठ जर्मन पाणबुड्या या दारातून भूमध्य समुद्रात शिरल्या, रात्रीच्या अंधारात, पूर्वेकडच्या ओघाची मदत घेत. त्यातली एकही परत अटलांटिकला गेली नाही. ब्रिटिशांचा पहारा हे कारण होतंच, पण बाहेर जाताना तोच ओघ तोंडावर होता.

तुम्हालाही बाहेरच जायचं आहे, पश्चिमेला. आणि इथे एक फसवी गोष्ट मन लावून समजून घ्यायला हवी. पश्चिमेला जाणाऱ्याला लेवान्ते पाठीशी लागतो. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल, याहून चांगलं काय? पण पाणी पूर्वेकडे येतंय आणि वारा पश्चिमेकडे जातोय. वारा पाण्याच्या अंगावर उलटा फिरला की लाटा आखूड होतात, उभ्या होतात, त्यांच्या माथ्यावर फेस फुटतो. तारिफाच्या भूशिरापुढे, जिथे तळ चढतो आणि ओघ सगळ्यात जोरात असतो, तिथे पाणी जागच्या जागी उसळत राहतं. पाठीवरचा वारा बोटीला पुढे रेटतो आणि पुढचं पाणी तिला थोपवतं. मागून येणारी लाट अशा वेळी बोटीला आडवी फिरवू शकते. उलट पोनिएन्तेत वारा आणि ओघ एका दिशेने असतात, समुद्र त्या मानाने सपाट राहतो, पण दोघेही तुमच्या छातीवर. म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या लहान बोटीला यातला कोणताही वारा जोरात नको असतो. तिला हवा असतो ओसरलेला लेवान्ते, दहा-बारा नॉटचा, आणि बरोबर निवडलेली वेळ.

वेळ अशी निवडतात. मधल्या पाण्यात पूर्वेचा ओघ बराच काळ चालू असतो, पण किनाऱ्यालगत पाणी आधी उलटतं. जिब्राल्टरच्या भरतीनंतर साधारण दोन-तीन तासांनी निघालं आणि स्पेनचा काठ धरून राहिलं, तर पश्चिमेकडे नेणारं पाणी सापडतं. तक्ता उघडा, भरतीची वेळ शोधा, आणि तिच्यावर पेन्सिल ठेवून स्वतःला विचारा की ही वेळ कुठल्या घड्याळाची आहे. उन्हाळ्यात स्पेन आणि जिब्राल्टर जागतिक वेळेच्या दोन तास पुढे असतात, मोरोक्को एक तास, आणि छापलेला तक्ता बरेचदा तिसरंच काही धरून चालतो. एक तास चुकला तर तारिफाला तुम्ही नेमके नको तेव्हा पोहोचाल. पानाच्या वर ठळक लिहा: सगळ्या वेळा अमुक घड्याळाच्या. जोडीदाराला दाखवा. त्याने स्वतः पुन्हा मोजावं, तुमचं उत्तर न पाहता.

ढग गेला. आता निघू या.

अल्जेसिरासचा उपसागर नांगर टाकलेल्या जहाजांनी भरलेला असतो. कोणी तेल भरून घेतंय, कोणी हुकमाची वाट पाहतंय. नांगरलेलं दिसणारं प्रत्येक जहाज नांगरलेलंच असतं असं नाही. मागच्या पंख्याजवळ पाणी ढवळलेलं दिसतंय का ते पाहा. फेरीबोट बंदरातून निघाली की तीस नॉटच्या आसपास वेग घेते. तिला पाहून विचार करायला फार मिनिटं मिळत नाहीत. तिच्या वाटेतून लवकर, ठळकपणे बाजूला व्हा. तुम्ही काय करताय हे तिच्यावरच्या माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे. म्हणून एकदाच वळा, पण मोठं वळा. उपसागर ओलांडून पुंता कार्नेरोचा दीपस्तंभ उजवीकडे ठेवला की पुढचे काही तास किनारा सोबतीला असतो. खडकांना फार चिकटायचं नाही, पण मधल्या पाण्यातही जायचं नाही. जहाजांच्या वाटा आणि काठ यांच्यामधला हा पट्टा लहान बोटींसाठी मोकळा ठेवलेला आहे. व्हीएचएफ रेडिओवर दहावं चॅनेल लावून ठेवा. त्यावर तारिफाचं वाहतूक केंद्र जहाजांशी बोलत असतं. तुम्ही बोलायची गरज सहसा पडत नाही. ऐकत राहा. थोड्याच वेळात कानाला कळू लागतं की कोण कुठे आहे, कोण कुठे वळणार आहे.

तारिफाच्या मागच्या डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. त्यांची तोंडं कुणीकडे आहेत आणि पाती कशी फिरताहेत, हे दुर्बिणीतून चार-पाच मैलांवरून दिसतं. तिथे तुमच्या वाटेतला तासाभरानंतरचा वारा आहे. शीड लहान करायचं ते इथेच, पाणी अजून सपाट असताना. 'आत्ताच कशाला, जरा पाहू,' असं मनातून उठेल. उठू द्या आणि रीफ घ्या. तळहाताला धाग्याचे वेढे लागतील. बोटीचा वेग थोडा कमी होईल, सुकाणू हलकं पडेल. हार्नेसचा पट्टा बोटीच्या दोराला अडकवा. लाइफ जॅकेट आधीपासून अंगात आहेच.

तारिफाचं बेट, त्याच्या टोकावरचा दीपस्तंभ, युरोपच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक. ते मागे पडल्यावर आणखी काही मैल पश्चिमेला जा. मग दोघे मिळून समोर पाहा: जहाजांची ओळ.

इथे जहाजं दोन लेनमधून जातात. उत्तरेची लेन पश्चिमेला जाणाऱ्यांची, दक्षिणेची पूर्वेला जाणाऱ्यांची, मधे रिकामा पट्टा. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले, त्यातला दहावा नियम या लेनबद्दल आहे. त्यातल्या दोन गोष्टी लहान बोटीने जपायच्या. एक: शिडाच्या बोटीने किंवा वीस मीटरहून लहान बोटीने लेनमधल्या जहाजाची वाट अडवायची नाही. खुल्या समुद्रात इंजिनवरचं जहाज शिडाच्या बोटीसाठी बाजूला होतं, हे इथे मनातून काढून टाका. दुसरी: लेन ओलांडायची तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, शक्य तितकी काटकोनात ठेवून.

या दुसऱ्या गोष्टीपाशी बसू या. नियम नाळेबद्दल बोलतो, वाटेबद्दल नाही. तुम्ही नाळ जवळजवळ दक्षिणेला धरलीत. पाण्याचा ओघ तुम्हाला सतत पूर्वेकडे नेतोय. दोन नॉटचा ओघ असेल तर तासात पाच मैल दक्षिणेला आणि दोन मैल पूर्वेला. जीपीएसच्या पडद्यावर तुमची रेघ तिरकी उमटेल. मन म्हणेल, सरळ कर, नाळ ओघाच्या तोंडाकडे वळव, टँजियर तिकडे आहे. तसं केलं तर रेघ सरळ होईल, पण लेनमध्ये तुमचा मुक्काम वाढेल, आणि दूरच्या जहाजावरून पाहणाऱ्याला तुमची नाळ तिरकी दिसेल. ही बोट ओलांडतेय की लेनमधून चाललीय, हे त्याला कळणार नाही. काटकोनात चालणाऱ्या बोटीची अख्खी कूस दिसते आणि तिचा हेतू कळतो. म्हणून वाहून जाणं मान्य करायचं. त्यासाठीच तर आधी पश्चिमेला जादा मैल आलो. ओघाला द्यायचं ते आधीच बाजूला काढून ठेवलं आहे. आता नाळ सोडून दुसरं काही सरळ करायच्या फंदात पडू नका.

पहिल्या लेनमध्ये जहाजं डावीकडून येतील. एक निवडा. आता ते टँकर आहे की कंटेनर, केवढं आहे, हे सगळं विसरा आणि हातातला कंपास डोळ्यापाशी धरा. बेअरिंग, म्हणजे जहाज दिसतं ती दिशा, किती? समजा ९५ अंश. कागदावर लिहा. दोन मिनिटं जाऊ द्या. पुन्हा पाहा. आकडा कमी होतोय, म्हणजे ते तुमच्या मागून जाण्याच्या बेतात आहे. वाढतोय, म्हणजे नाळेपुढून जाईल. आणि आकडा तोच असेल, पुन्हा पाहिलं तरी ९५, आणि जहाज मोठं होत चाललं असेल, तर तुम्ही दोघे एकाच जागी पोहोचणार आहात. आपल्या डोळ्यांना हे सहजी पटत नाही. डोळे हलणाऱ्या गोष्टीकडे ओढले जातात. पाणी कापत आडवं पळणारं जहाज भीतीदायक वाटतं आणि जे क्षितिजावर एका जागी शांत उभं दिसतं त्याच्याकडे लक्षच जात नाही. इथे त्या उभ्या दिसणाऱ्यावरच नजर ठेवायची आहे. आणि अगदी मोठं जहाज जवळ आलं असेल तर बेअरिंग बदलतंय म्हणूनही निर्धास्त व्हायचं नाही, असं नियमच सांगतो. त्याची नाळ निघून गेली तरी चारशे मीटरचं जहाज मागे असतं.

तिसरा हिशेब. जहाज १८ नॉटने येतंय. दहा मिनिटांत ते तीन मैल कापतं. तुमच्या उभ्या नजरेला समुद्रसपाटीचं क्षितिज साधारण तीन मैलांवर दिसतं. म्हणजे क्षितिजाच्या रेषेपासून तुमच्यापर्यंत दहा मिनिटं. उंच जहाजाचा माथा त्याच्या बराच आधी दिसतो, आणि जहाजांची जागा दाखवणारं एआयएस यंत्र असेल तर पडद्यावर त्याहून आधी. पण धूसर लेवान्तेत त्या दहाची पाच होतात. बेअरिंग स्थिर असेल तर काय करायचं ते आताच ठरवा: वेग कमी करून त्याला पुढून जाऊ द्यायचं, त्याच्या मागून जायचं. त्याच्या पुढून निसटायचा विचार करायचा नाही. इंजिन चालू असू द्या, शीड वर असलं तरी. लेनच्या मध्यात शीड फाटलं तर इंजिन सुरू होतंय का हे तपासत बसायला सवड नसते.

आता थोडा वेळ त्या जहाजाच्या ब्रिजवर जा. पन्नासेक मीटर उंचीवर, काचेमागे, थंड हवेत एक थर्ड ऑफिसर वॉचवर उभा आहे. तो अलिबागचा असू शकतो, रत्नागिरीचा असू शकतो. या लेनमधून जाणाऱ्या जहाजांवर मराठी बोलणारे अधिकारी आणि खलाशी पुष्कळ असतात. त्याच्या पुढ्यात कंटेनरांचे ढीग आहेत. जहाजाच्या नाळेपुढचा समुद्र त्याला ५०० मीटरपर्यंत दिसला नाही तरी नियमाला ते चालतं. त्या पट्ट्यात तुम्ही शिरलात तर त्याच्यापुरते तुम्ही नाहीसे झालात. जहाज थांबवायचं म्हटलं तर किलोमीटरच्या किलोमीटर जातात. वळवायचं तर शेजारच्या जहाजाचा विचार करावा लागतो. त्यालाही कुणाला बुडवायचं नाही. घरी त्याचीही कुणी वाट पाहतंय. तुम्ही लवकर वळलात, मोठं वळलात, तर त्याच्या खांद्यावरचा भार हलका होतो. आपल्या बोटीतून त्या उंच काचेकडे पाहताना राग किंवा दबदबा यांपेक्षा ही जाणीव मनात असलेली बरी. माझा अनुभव असा की हात त्यामुळे जास्त स्थिर राहतात.

मधला रिकामा पट्टा आला. एक घोट पाणी प्या. जोडीदाराला सुकाणू द्या, कारण पहिल्या लेनने तुमचे डोळे थकवले आहेत आणि ते तुम्हाला कळलेलं नसेल. आता जहाजं उजवीकडून येतील. डोळ्यांना डावीकडची सवय लागली आहे. ती मोडायला तोंडाने बोला: उजवीकडे एक, त्याच्या मागे दुसरं, मधे दोन मैल. पुन्हा कंपास, पुन्हा कागद.

या पाण्यात ऑर्का आहेत. उन्हाळ्यात ट्यूना मासे इथून जातात आणि त्यांच्या मागावर हे काळे-पांढरे जीव येतात. २०२० पासून त्यातले काही शिडाच्या बोटींच्या सुकाणूला धडका देतात, ते मोडतात. काही बोटी बुडाल्याही. का करतात याबद्दल अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, खेळ म्हणून असावं असं बरेच मानतात. हा कळप अगदी थोड्या जनावरांचा आहे आणि नामशेष होण्याच्या काठावर म्हणून त्याची नोंद आहे. भीती वाटली तर ती जागच्या जागी असू द्या. काठाजवळच्या उथळ पाण्यातून जाणं हा सांगितलेला उपाय. ते आले तर थांबू नका, किनाऱ्याकडे चालत राहा, कुणीही कठड्याशी जाऊ नका, त्यांना इजा होईल असं काही करू नका. मोडलेलं सुकाणू नवं बसवता येतं.

दुसरी लेन मागे पडली. आफ्रिकेचा काठ समोर मोठा होतोय, घरं सुटी सुटी दिसू लागली आहेत. आता नाळ वळवायला मोकळीक आहे. काठाजवळ ओघ मंदावतो, त्याचा फायदा घेत पश्चिमेला सरका. टँजियरच्या बंदरातून फेरीबोट निघत असेल तर तिला आधी बाहेर पडू द्या. डोलकाठीवर उजव्या बाजूला मोरोक्कोचा झेंडा चढवा आणि आरोग्य-तपासणीची परवानगी मागणारा पिवळा झेंडाही. पासपोर्ट आणि बोटीचे कागद हाताशी काढून ठेवा. पोलीस आणि कस्टम्सचे लोक आल्याशिवाय धक्क्यावर उतरायचं नसतं. शीड उतरवा. बोटीला घासण्यापासून वाचवणारे फेंडर दोन्ही अंगांना बांधा, कारण कोणत्या बाजूने लावायला सांगतील ते आत गेल्यावरच कळेल. जोडीदार पुढच्या दोरापाशी, तुम्ही सुकाणूवर. वेग दोन नॉट.